मुदत संपण्यापूर्वी

'मुदत' हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. व्यापार म्हटला की मुदत आलीच. हुंडीची मुदत, उधारीची मुदत, कर्जफेडीची मुदत. माझी तर बँकेतील ३६ वर्षे याच शब्दाच्या सहवासात गेली. मुदत ठेवी स्वीकारल्या, मुदतबाह्य धनादेश परत पाठविले आणि मुदतवाढीचे अर्ज तर किती हाताखालून गेले याची गणती नाही. निवृत्तीनंतर हा शब्द मला पुन्हा भेटला तो शिक्षणाच्या क्षेत्रात. माझी पुतणी सिडनीतील एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तिच्या निमित्ताने ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांची एक व्यवस्था जवळून पाहावयास मिळाली. विद्यार्थ्यावर आकस्मिक संकट आले असता लेखनकार्य सादर करण्यास मुदत वाढवून देणे किंवा त्याच्या परीक्षेचा वेगळा विचार करणे, अशी ही व्यवस्था आहे. तिथे तिला 'स्पेशल कन्सिडरेशन' म्हणतात. आपण तिला 'विशेष विचार' म्हणू. आपल्या अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज परदेशी शिकत आहेत. त्यांच्या पालकांनी ही व्यवस्था समजून घ्यावी असे मला वाटते, कारण तिचा लाभ मुलांना मिळणे हे पुष्कळदा इकडे, घरी बसलेल्या आपल्यावर अवलंबून असते.

आमच्या पिढीची परीक्षा म्हणजे वर्षाअखेरचा तीन तासांचा पेपर. बी.कॉम.ला असताना वर्षभर तुम्ही काय केले याची विचारपूस कोणी करीत नसे. एप्रिल महिन्यात उत्तरपत्रिकेत जे उतरेल ते खरे. त्या दिवशी कोणी आजारी पडला तर तो गैरहजर, आणि पुढची संधी ऑक्टोबरात. ऑस्ट्रेलियातील रीत निराळी आहे. तिथे साधारण बारा-तेरा आठवड्यांचे सत्र असते आणि एकाच विषयाचे गुण अनेक तुकड्यांत विभागलेले असतात. एखादा निबंध वीस टक्क्यांचा, गटाने करावयाचा प्रकल्प तीस टक्क्यांचा, उरलेली लेखी परीक्षा. प्रत्येक तुकड्याची तारीख आणि वेळ सत्राच्या आरंभीच जाहीर होते. काम संगणकावरून सादर करावयाचे असल्याने ते किती वाजता पोहोचले याची नोंद यंत्रच करते. तिथे शिपायाला विनंती करून गठ्ठ्यात खाली कागद सरकविण्याची सोय नाही.

उशीर झाला तर गुण कापले जातात. अनेक विद्यापीठांत हा दर दिवसाला पाच टक्के असा आहे. हे पाच टक्के मिळालेल्या गुणांचे नसून एकूण गुणांचे धरले जातात. ज्या निबंधाला शंभरपैकी ७२ गुण मिळाले असते, तो पाच दिवस उशिरा दिला तर २५ गुण वजा होऊन ४७ उरतात. उत्तीर्ण होण्यास ५० लागतात. म्हणजे उत्तम लिहिलेला निबंधही केवळ पाच दिवसांत अनुत्तीर्ण ठरतो. थकीत हप्त्यावरील दंडव्याज मी आयुष्यभर आकारले. पण इतक्या वेगाने मुद्दल खाणारे व्याज मी पाहिले नव्हते.

या कठोरपणाला जोडूनच 'विशेष विचारा'ची तरतूद आहे. आजारपण, अपघात, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, कुटुंबावरील गंभीर आपत्ती अशा कारणांसाठी विद्यार्थी अर्ज करू शकतो. कारण त्याच्या हाताबाहेरचे असावे, आधी कल्पना नसलेले असावे आणि त्याच्या अभ्यासावर खरोखर परिणाम करणारे असावे, अशी सर्वसाधारण कसोटी आहे. अर्ज नियत तारखेपूर्वी किंवा तिच्यानंतर अगदी थोड्या दिवसांत करावा लागतो. पुष्कळ ठिकाणी ही मर्यादा कामकाजाच्या तीन दिवसांची आहे. काही दिवसांच्या लहानशा मुदतवाढीसाठी काही विद्यापीठे कागदपत्रेही मागत नाहीत. त्याहून अधिक हवे असेल तर पुरावा लागतो.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. या अर्जाने गुण वाढवून मिळत नाहीत. आपल्याकडील 'ग्रेस'च्या गुणांशी त्याची तुलना करणे योग्य नाही. मिळते ती संधी. निबंधाला अधिक दिवस, परीक्षा चुकली असल्यास दुसऱ्या तारखेला दुसरी प्रश्नपत्रिका, कधी एका तुकड्याचा भार दुसऱ्यावर टाकण्याची सोय. उत्तर मात्र विद्यार्थ्यालाच लिहावे लागते आणि ते इतरांच्याच मापाने तपासले जाते. म्हणून यात दयेचा भाग नाही. धावण्याच्या शर्यतीत ज्याला कोणी मध्येच ढकलून पाडले, त्याला पुन्हा धावू देणे, एवढेच यात आहे.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस माझ्या मातोश्रींचे सांगलीत निधन झाले. वय ८९. पहाटे सहाच्या सुमारास त्या गेल्या. सिडनीत तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. पुतणीचा तीस टक्के गुणांचा निबंध तीन दिवसांवर आला होता आणि जूनच्या मध्यास लेखी परीक्षा होती. घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो, तिला कळवायचे की नाही हा.

धाकट्या बंधूंचे म्हणणे होते की परीक्षा संपेपर्यंत तिला काही सांगू नये. पोर एकटी आहे, रडत बसेल, लाखो रुपयांचे शिक्षण आहे, वर्ष वाया जाईल. जमलेल्या वडीलधाऱ्यांपैकी बहुतेकांनी याला मान डोलावली. वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेच ठरले असते, कारण आपल्याकडे ही रीतच आहे. शहरात शिकणाऱ्या मुलाला घरचे दुखणे, वडिलांचे ऑपरेशन, आजोबांचे जाणे परीक्षेनंतर कळते. त्यामागे माया असते, यात शंका नाही.

बंधूंच्या पत्नी, म्हणजे मुलीच्या आई, तोवर गप्प होत्या. त्यांनी एकच विचारले, "रविवारी तिचा फोन येईल. आजीला द्या म्हणेल. कोण काय सांगणार?"

कोणापाशी उत्तर नव्हते. आमच्या मातोश्री सूर्यास्तापूर्वी जेवून लवकर निजत, म्हणून मुलगी दर रविवारी आमच्या दुपारी, न चुकता, फोन करी. पहिली दहा मिनिटे आजीची असत. आजी झोपली आहे, आजी मंदिरात गेली आहे, असे तीन रविवार सांगणे म्हणजे घरातल्या प्रत्येकाने तिच्याशी तीन वेळा खोटे बोलणे. आणि नंतर तिने तारखा जुळविल्या तर? पुढच्या आयुष्यात घरून 'सर्व ठीक आहे' असा निरोप गेला की तिने तो खरा कसा मानावा? भावजयींनी दुसऱ्या खोलीत जाऊन स्वतः फोन लावला. अंत्यविधीपूर्वी तिने मोबाईलच्या पडद्यावर आजीचे शेवटचे दर्शन घेतले.

त्या संध्याकाळी मी तिच्याशी बोललो. ती म्हणाली, "मोठे काका, निबंध अर्धा झालाय. कसाबसा पूर्ण करून देऊन टाकते. आजी गेली म्हणून मुदत मागायची, हे आजीच्या नावावर सवलत घेतल्यासारखं वाटतं." तिच्या या बोलण्यात संस्कार होते, पण ते ज्या व्यवस्थेत ती शिकत होती तिथले नव्हते. आपण मुलांना शिकवितो की ताप असला तरी पेपर देऊन यावा. वडिलांच्या अंत्यविधीनंतर दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याची बातमी वृत्तपत्रे कौतुकाने छापतात आणि आपणही ती मुलांना वाचून दाखवितो. आपल्याकडे वर्ष वाचविण्याचा बहुधा तोच एक मार्ग असल्याने त्या कौतुकाला अर्थही आहे. ऑस्ट्रेलियात मात्र तेच धैर्य अंगाशी येऊ शकते. न्यू साउथ वेल्स विद्यापीठासारख्या ठिकाणी 'फिट टू सिट' नावाचा नियमच आहे. परीक्षेला बसलात किंवा काम सादर केलेत, म्हणजे आपण त्यासाठी सक्षम आहोत असे तुम्ही जाहीर केलेत. नंतर गुण कमी पडले म्हणून मागचे दुःख सांगून चालत नाही. तापात पेपर देणारा शूर विद्यार्थी तिथे आपला हक्क स्वतःच्या हाताने सोडून देत असतो.

मी तिला बँकेतील एक गोष्ट सांगितली. जुलै-ऑगस्ट २००५ च्या महापुरात सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरले. मी तेव्हा एका शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी धान्याचे एक व्यापारी आले. भिजलेली खातेवही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली, पायाला अजून चिखल. म्हणाले, "साहेब, हप्ता वीस तारखेचा आहे. या वेळी जमणार नाही, हे आधी सांगायला आलो." त्यांचे नुकसान झाल्याचा पंचनामा होता. हप्त्यांची फेरआखणी झाली आणि पुढे त्यांनी सर्व कर्ज फेडले. त्यांच्याच ओळीत दुकान असलेले दुसरे एक गृहस्थ होते. नुकसान तेवढेच. पण बँकेत तोंड दाखवायची लाज वाटून ते आलेच नाहीत. फोन उचलेनात, नोटीस गेली तरी उत्तर नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते खाते अनुत्पादित ठरते. मार्च २००४ पासून हाच दंडक आहे. तिथून पुढे अधिकाऱ्याच्या मनात सहानुभूती असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. दोघांवर आलेले पाणी एकच होते; एक तारखेपूर्वी आला आणि दुसरा आला नाही, एवढाच फरक. पत मागणाऱ्याची जात नाही, न सांगता थकविणाऱ्याची जाते, हे मी तिला सांगितले आणि आपल्यालाही सांगतो.

तिने त्याच रात्री अर्ज केला. तिथून पुढचे काम आमचे होते, आणि पालकांना मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते इथेच. अर्जाला कागद लागतो, आणि तो कागद सांगलीत होता. महानगरपालिकेचा मृत्यूचा दाखला मिळावयास काही दिवस लागणार होते. तोवर डॉक्टरांनी दिलेले मृत्यूचे प्रमाणपत्र आम्ही छायाचित्र काढून पाठविले आणि मूळ दाखला मागाहून देत आहोत, असे तिने अर्जात नमूद केले. मग नाते सिद्ध करण्याचा प्रश्न आला. मातोश्रींच्या नावापुढे आधार कार्डावर 'बाई' होते, शिधापत्रिकेवर नव्हते, आणि बंधूंच्या शाळेच्या दाखल्यावर आईचे नावच नव्हते. ग्राहकांची ओळख पटविण्यासाठी अशा विसंगती आम्ही वर्षानुवर्षे तपासल्या. सिडनीतल्या कारकुनाने 'बाई' म्हणजे काय ते कसे ओळखावे? दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र आम्ही इथे करून घेतले आणि इंग्रजी प्रत पाठविली.

याच संदर्भात एक गमतीची माहिती मिळाली. जिथे अन्य पुरावा उपलब्ध नसतो तिथे ऑस्ट्रेलियातील विद्यार्थी 'स्टॅट्युटरी डिक्लरेशन', म्हणजे वैधानिक प्रतिज्ञापन, देऊ शकतो. १९५९ च्या कायद्यानुसार ते ठराविक व्यवसायांतील व्यक्तींसमोर करता येते. त्या यादीत डॉक्टर, वकील, औषधविक्रेते यांच्यासोबत सलग पाच वर्षे नोकरी झालेले बँक अधिकारीही आहेत. आपल्या व्यवसायाला कुठेतरी मान आहे, हे वाचून बरे वाटले. खोटे प्रतिज्ञापन केल्यास मात्र चार वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले. जिथे सवलत आहे तिथे तिचा गैरवापर करणारेही असतात. पैसे घेऊन वैद्यकीय प्रमाणपत्रे देणारे तिकडेही आहेत आणि इकडून 'ओळखीच्या डॉक्टरांचा' कागद पाठविणारेही. विद्यापीठे प्रमाणपत्र देणाऱ्याकडे चौकशी करतात आणि कागद बनावट निघाला तर ते गैरवर्तन ठरून निलंबनापर्यंत वेळ येते. नोकरीतील जास्तीच्या पाळ्या, तारीख चुकीची वाचणे, शेवटच्या रात्री संगणक बिघडणे ही कारणे सामान्यतः ग्राह्य धरली जात नाहीत. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपर्यंत काम करता येते. पण ते काम अभ्यासाच्या आड आले, ही सबब होऊ शकत नाही. अपरिहार्य संकट आणि स्वतःचे ढिले नियोजन यांतील रेषा मुलाने स्वतःशी प्रामाणिक राहून ओळखावयाची असते.

पुतणीला दहा दिवसांची मुदतवाढ मिळाली. पहिले दोन दिवस तिने वहीला हात लावला नाही. मैत्रिणींना आजीच्या गोष्टी सांगितल्या, जुनी छायाचित्रे पाहिली. मग निबंध पूर्ण करून मुदतीच्या एक दिवस आधी दिला. लेखी परीक्षाही पुढे ढकलण्यासाठी अर्ज कर, असे तिला कोणी सुचविले होते. तिने तो केला नाही. मला म्हणाली, "आता मी लिहू शकते, काका. लिहू शकत असताना मागणं बरं नाही." मी त्यावर काही बोललो नाही. छत्तीस वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या किती कर्जदारांनी स्वतःहून असे म्हटले, ते मोजावयास एका हाताची बोटे पुरतील.

प्रत्येकाचे संकट दहा दिवसांत आवरणारे नसते, हेही लक्षात ठेवावे. दीर्घ आजार, नैराश्य, शारीरिक वा शिकण्यातील अडचण यांसाठी दरवेळी वेगळा अर्ज करण्याऐवजी विद्यापीठाच्या अपंगत्व-साहाय्य विभागात एकदा नोंद करावी. अशा विद्यार्थ्यांना वाजवी सोयी देणे हे तिथे २००५ च्या शिक्षणविषयक मानकांनुसार संस्थांचे कर्तव्य आहे. नैराश्याची नोंद झाली तर मुलीचे लग्न अडेल, ही भीती मी आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकली आहे. उपचाराविना परदेशातील खोलीत एकटी राहणारी मुलगी, ही त्याहून मोठी भीती असावयास हवी. सत्रच झेपणार नाही असे दिसले तर 'सेन्सस डेट'पूर्वी विषय सोडावा. म्हणजे तो अनुत्तीर्ण म्हणून नोंदला जात नाही आणि बहुधा त्याच्या शुल्काचा बोजाही राहत नाही. अनेक विद्यापीठांत पहिल्या सत्राची ही तारीख ३१ मार्च असते. बँकवाल्यांना ती विसरणे शक्यच नाही. मात्र विषय कमी करणे किंवा शिक्षण तात्पुरते थांबविणे याचा परिणाम व्हिसावर होऊ शकतो, म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाशी आधी बोलल्याविना पाऊल टाकू नये.

अर्ज नाकारला गेला तर फेरविचाराची मागणी विद्यापीठातच करता येते. तेथेही न्याय झाला नाही असे वाटल्यास १ फेब्रुवारी २०२५ पासून तिथे राष्ट्रीय विद्यार्थी लोकपाल कार्यरत आहे. तो गुण बदलून देत नाही. पण अर्ज हाताळताना नियम पाळले गेले की नाही, हे तपासू शकतो. आपल्याकडे बँकिंग लोकपाल आल्यावर ग्राहकाला जो आधार वाटला, तसाच हा आधार आहे.

परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत आपण चटण्या, पापड, औषधे, देवाची तसबीर सारे आठवणीने भरतो. त्यासोबत दोन गोष्टी इकडे घरीही कराव्यात. पहिली, घरातील सर्वांच्या नावांची कागदपत्रे एकदा जुळवून, स्कॅन करून एका जागी ठेवावीत, म्हणजे दुःखाच्या दिवशी शिधापत्रिका शोधत फिरावे लागणार नाही. दुसरी, मूल निघण्यापूर्वी त्याच्यासमोर बसून ठरवावे की घरात काहीही घडले तरी आम्ही तुला त्याच दिवशी कळवू, आणि तुझ्याकडे काही घडले तर तूही कळवावेस. मुलाला दुःखापासून वाचविणे कोणाच्याच हाती नाही. आपण गप्प राहिलो तर ते दुःख टळत नाही. ते केवळ उशिरा पोहोचते, आणि तोवर अर्जाचे तीन दिवस संपून गेलेले असतात.